गव्हरच्या हातची काडतुसं

ता. ३ ऑक्टोबर १९४३, कोल्हार

आज छत्तीस काडतुसं भरली. त्यातलं एक अब्बांनी, पस्तीस मी. अब्बांचं नंतर उघडून मी पुन्हा भरलं, कारण त्यांचा हात इतका कापत होता की निम्मी दारू ताटात सांडली होती. त्यांना ते दिसलं नाही, किंवा दिसूनही बोलले नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू, हाताला कंप, आणि दाराशी गिऱ्हाईक आलं की आवाज मात्र पलटणीतला: "उस्तादाच्या हातचं आहे, बिनघोर घेऊन जा."

लढाई सुरू झाली तशी विलायती काडतुसं यायची बंद झाली. प्रवरेकाठच्या काटवनातून रानडुकरं निघतात आणि उभा ऊस लोळवून जातात. ज्यांच्याकडे राखणीच्या बंदुकीचा परवाना आहे ती माणसं झाडलेली पितळी नळकांडी गोळा करून आमच्याकडे आणतात. आम्ही ती परत भरून देतो. राहात्यापासून लोक येतात.

हत्यारांची पेटी जुनी आहे. अब्बा नगरच्या छावणीत बत्तीस वर्षं बंदुका दुरुस्त करायचे. एक गोरा साहेब मायदेशी जाताना ही पेटी त्यांना देऊन गेला. आत नळकांड्याच्या बुडातली जळकी टोपी पाडायची सुई, नवी बसवायची पकड, लाकडी मुठीचं पितळी माप, ठासायचा शिसवी दांडा, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या कापायचा गोल ठसा. अब्बा म्हणतात, ही हत्यारं त्यांच्याहून वयाने मोठी आहेत.

मूल होत नाही म्हणून नवऱ्याने सोडलं आणि मी परत आले, त्याला तीन वर्षं झाली. त्या दिवशी अब्बांनी मला एक शब्द विचारला नाही. पेटी पुढ्यात सरकवली आणि म्हणाले, "सुई धर." (घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, म्हणून लिहिताना सगळं मराठीत येतं.)

तेव्हापासून भरते आहे. नाव अब्बांचं.

ता. ९ ऑक्टोबर

रंगनाथदादा आले होते. आमच्या मागच्या पाटाला लागून त्यांचा मळा. रिकामी नळकांडी ओट्यावर ओतली आणि अब्बांना हळू आवाजात म्हणाले, "चाचा, राग मानू नका. पर हात तुमचा न्हाई ह्यो."

अब्बा म्हणाले, "मग कुणाचा?"

"ज्याचा आसंल त्याचा. फकस्त त्योच ऱ्हाऊ द्या म्हंजे झालं."

जाताना मी दारात होते. माझ्याकडे न बघता चपला घालत म्हणाले, "गव्हर, सा डुकरं पाडली. येकबी फुसकं न्हाई निगालं."

माझं नाव गौहर. इथे सगळे गव्हर म्हणतात. पण आज ते कानाला वेगळंच लागलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काम आणि माझं नाव एका दमात घेतलं.

ता. २० ऑक्टोबर

अब्बांनी मशिदीतल्या मौलवींकडून पत्र लिहवून घेतलं. घरात लिहिणारी असताना. तेव्हाच समजलं की पत्र माझ्याबद्दल आहे किंवा माझ्याविरुद्ध आहे.

ता. २७ ऑक्टोबर

माझ्याविरुद्धच निघालं. काल नियाज आला. माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. नगरला सायकलच्या दुकानात होता. केसांना तेल, मनगटाला घड्याळ, घड्याळ बंद. अब्बा काडतुसं भरायचा परवाना त्याच्या नावावर करायचा अर्ज देणार आहेत.

मी विचारलं, "माझ्या नावावर का नाही?"

"बंदुकीच्या दारूचा परवाना सरकार बाईला देतं का?"

"अर्ज करून बघितला का कधी?"

अब्बा म्हणाले, "उद्या हात उडाला, डोळा गेला, तर तुझ्याकडे कोण बघणार? नियाजचं निभेल. तो पुरुष आहे."

तीन वर्षं हात उडायची भीती नव्हती. पुतण्या आला आणि भीती आली. मी हे तोंडावर बोलले. नियाजने पेटी उचलून पुढच्या खोलीत नेली. उचलताना ती आडवी धरली, आतली हत्यारं एकमेकांवर आपटली. मला म्हणाला, "आपा, आता तू आराम कर."

ता. २ नोव्हेंबर

आज ओट्यावर पाच-सहा माणसं होती. अब्बांनी नियाजला सगळ्यांपुढे उभं केलं. माझ्या मनात होतं, रंगनाथदादा काहीतरी बोलतील. त्यांना माहीत आहे. एवढ्या गावात त्यांनाच माहीत आहे.

ते म्हणाले, "बरं झालं चाचा. गडी मानूस आला. ह्ये कामच मुळात गड्याचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अब्बांचा चेहरा किती दिवसांनी असा फुलला. रंगनाथदादांनी मग आत माझ्याकडे बघितलं, काही सांगायचं असल्यासारखं. मी पाठ फिरवली. काय सांगायचं राहिलं होतं?

भाकरीचं पीठ मळताना लक्षात आलं, बोटांना गंधकाचा वास येत नाही. सहा दिवसांत गेला.

ता. ६ नोव्हेंबर

नियाजने दहा काडतुसं भरली. त्यातली चार फुसकी निघाली. चकती तिरकी बसते. टोपी ठोकून बसवतो, दाबून नाही. अब्बा शेजारी बसून सांगतात, पण त्यांना दिसत कुठे आहे? मी भिंतीमागून आवाजावरून सांगू शकते, कुठलं नीट ठासलं गेलं आणि कुठलं नाही.

गिऱ्हाइकाने परत आणून दिली तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

ता. ११ नोव्हेंबर

काळी दारू संपत आली. परवान्यावर मिळते ती महिन्याला ठरावीकच. नियाज काल नगरला जाऊन एक डबा घेऊन आला. कुणा साहेबाच्या खानसाम्याकडून मिळाला म्हणे.

तो बाहेर गेल्यावर मी झाकण उघडून बघितलं. ही आपली दारू नव्हे. आपली खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी असते, काळी आणि निस्तेज. ही चपट्या, चकचकीत पापुद्र्यांची, माशाच्या बारक्या खवल्यांसारखी. गंधकाचा वास नाही. ही बिनधुराची दारू. अब्बांनीच मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं, ही काट्यावर तोलून घालायची असते, काळीच्या तिसरा हिस्सा. काळीच्या मापाने भरली तर नळी फाटते. छावणीत एका शिपायाचा अंगठा असा गेलेला त्यांनी बघितला होता.

नियाज आला तेव्हा त्याला म्हटलं, "ही मापाने घालू नकोस. तोलून घाल."

"आता तू मला शिकवणार?" असं म्हणून माझ्यासमोर माप काठोकाठ भरलं, बोटाने सपाट केलं आणि ओतलं.

मग मी अब्बांकडे गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी विचारलंय त्याला. आपलीच दारू आहे म्हणतो."

"तुम्ही हातात घेऊन बघा."

"गौहर," ते म्हणाले, "तो आल्यापासून तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं."

मी उठून आले. एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणार नाही. त्यांचा मर्द, त्यांची पेटी. होऊ दे काय व्हायचं ते. झालं तर त्याच्याच हातात होईल, दर खेपेला पहिलं काडतूस तोच माळावर झाडून बघतो.

ता. १४ नोव्हेंबर

नियाज माळावर गेलाच नाही. कंटाळा आला म्हणाला.

दुपारी गोजरवैनी आल्या, रंगनाथदादांची बायको. डोक्यावर गवताचा भारा, तो ओट्याला टेकवून उभ्या राहिल्या. नियाज कुठे बाहेर होता, अब्बा झोपले होते. बारा काडतुसांची पुडी त्यांच्या नावाने ठेवलेली होती. मी ती आणून दिली.

वैनी पुडी हातात धरून थांबल्या. "गव्हर, चांगली भरलीत न्हवं गं?"

मी म्हटलं, "नियाजने भरलीत. गडी माणसाने. चांगलीच असणार."

"म्हंजे न्यायाला हरकत न्हाई?"

"माझी कसली हरकत? ह्ये कामच मुळात गड्याचं."

त्या हसल्या. मीही हसले. त्यांनी पुडी कमरेला खोचली, भारा उचलायला मी हात लावला आणि त्या गेल्या.

यात मी खोटं काही बोलले नाही.

ता. १५ नोव्हेंबर

काही विशेष नाही. डुकरं काही रोज येत नाहीत.

ता. १६ नोव्हेंबर

दोनदा रंगनाथदादांच्या मळ्याच्या वाटेपर्यंत गेले. पहिल्यांदा विहिरीवर बायका होत्या. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं, पण रंगनाथदादा समोरच बांधावर उभे होते. त्यांना बघून ओट्यावरचं त्यांचं बोलणं आठवलं. परत आले. उद्या सकाळी वैनींना गाठून सांगते.

ता. १७ नोव्हेंबर

सकाळी दिवस उगवताना आवाज आला. मी चुलीपाशी होते. तो आवाज बंदुकीचा नव्हता, तुटलेला होता. अब्बा अंथरुणात उठून बसले. त्यांना दिसत नाही, पण ऐकू येतं. म्हणाले, "या अल्ला, नळी गेली."

मी धावत गेले तेव्हा लोकांनी रंगनाथदादांना बैलगाडीत घातलं होतं. डावा हात पटक्यात गुंडाळलेला, पटक्यातून रक्त ठिबकत होतं. चेहऱ्याची डावी बाजू भाजलेली. शुद्धीत होते. गोजरवैनी गाडीबरोबर अनवाणी धावत होत्या. मला बघून ओरडल्या, "गव्हर, बग गं काय झालं ह्ये!"

गंधकाच्या धुराचा वास कुठेच नव्हता.

ता. १९ नोव्हेंबर

नगरच्या इस्पितळातून निरोप आला. डाव्या हाताची तीन बोटं काढली. डोळा वाचेल असं डॉक्टर म्हणतात.

आज फौजदार पंचनाम्याला आले. पेटी, दोन्ही डबे, नळकांडी, सगळं ओट्यावर मांडलं. विचारलं, "काडतुसं कुणी भरली?"

नियाजने माझ्याकडे बोट केलं. "हिने साहेब. तीन वर्षं हीच भरते. मी तर परवा आलो."

मी काही बोलायच्या आत अब्बा भिंतीला धरून उभे राहिले. "मी भरली. या घरात काडतूस फक्त मी भरतो. पोरगी पेटीला हातही लावत नाही."

शेवटी इथेही नाव त्यांचंच. तीन वर्षांची शाबासकी त्यांची आणि आता गुन्हाही त्यांचा. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तीन वर्षं मीच भरत होते साहेब. ही बारा माझी नाहीत. पण आधीची सगळी माझी."

फौजदार माझ्याकडे बघून हसले. "बाई, बापाला वाचवायला बोलतेस, कळतं मला. काडतूस भरणं म्हणजे शेवया करणं नव्हे. आत जा." मग नियाजला म्हणाले, "आणि तू रे? बाईच्या पदराआड लपतोस?"

त्यांनी अब्बांचे कापणारे हात बघितले, डोळे बघितले, सुस्कारा टाकून काहीतरी लिहून घेतलं. परवाना रद्द. पेटी जप्त. रंगनाथदादांनी इस्पितळात जबाब दिला आहे की बंदूक बांधावर पडून नळीत चिखल गेला होता, चूक त्यांचीच. म्हणून खटला नाही.

मी आत गेले. सांगितलं म्हणून गेले.

ता. २३ नोव्हेंबर

नियाज कुणाला न सांगता निघून गेला.

ता. २८ नोव्हेंबर

अब्बा जेवत नाहीत. आज ताट पुढे ठेवलं तेव्हा हात धरून म्हणाले, "तू मला सांगितलं होतंस."

"हो."

मग म्हणाले, "एकदाच का सांगितलंस, बेटा?"

मला इतका संताप आला की ताट तसंच ठेवून उठले. ऐकायचं त्यांनी नाही, आणि मोजायचं मी किती वेळा सांगितलं ते!

ता. १९ डिसेंबर

रंगनाथदादा इस्पितळातून घरी आले. गाव भेटून आलं. मी गेले नाही. अब्बांना कुणीतरी हाताला धरून नेलं. परत आल्यावर म्हणाले, "त्याने मला पाया पडू दिलं नाही."

ता. ५ जानेवारी १९४४

आज गोजरवैनी आल्या. येताना ताज्या मेथीची जुडी आणली. मी चहा ठेवला. त्या चुलीपाशीच बसल्या. इकडचं तिकडचं झालं. उसात डुकरं माजली आहेत, राखणीला कुणी नाही, वाचलेला ऊस तोडून गुऱ्हाळ लवकर लावणार आहेत.

मग म्हणाल्या, "त्येंना नियाजचा भरवसा न्हवता बग. चार फुसकी निगाली त्ये कानावर आलं हुतं. मला म्हनले, नियाजला इचारू नको, चाचांना इचारू नको. गव्हरला इचार. ती व्हय म्हनली तरच आन, न्हाईतर हात हालवत ये."

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"मी म्हनलं, आवो, तुमीच तर चारचौघांत म्हनला गडी मानूस आला म्हनून. तर म्हनले, म्हाताऱ्याला पुतन्यापुढं खाली बगाया लावू का? गव्हरला मागनं सांगंन म्हनले, तुजाच हात पायजे म्हनून. मंग ऱ्हाऊनच गेलं त्ये."

चहा उतू गेला. मी फडक्याने पुसत राहिले. वैनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू कशाला जिवाला लावून घेतीस? तुला तरी कुटं ठावं हुतं?"

मी मान हलवली. कुठल्या बाजूने हलवली ते मला आठवत नाही. वैनींना जी समजायची ती समजली.

ता. ६ जानेवारी

आधीची पानं वाचली. १४ नोव्हेंबरचं पान चार वेळा वाचलं. "यात मी खोटं काही बोलले नाही." अक्षर किती वळणदार आहे.

ता. ८ जानेवारी

मळ्यात गेले. रंगनाथदादा एकटेच होते. मोटेचा दोर जुवाला बांधायला बघत होते, उजव्या हाताने आणि दातांनी. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी उरली आहे. मी दोर धरायला पुढे झाले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. शिकाया पायजे."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. डबा उघडून बघितला होता. दारू ओळखली होती. वैनी विचारत होत्या तेव्हा मला सगळं माहीत होतं, आणि मी दादांचंच बोलणं वैनींच्या तोंडावर मारलं. सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही.

ते ऐकत राहिले. पाटाचं पाणी एका बांधावरून फुटून वाहत होतं. त्यांनी पायाने माती सारून ते बुजवलं. मग विचारलं, "गोजरला बोललीस ह्ये?"

"नाही."

"बोलू नको. कवाच बोलू नको. ती घरात येऊन मला म्हनली हुती, गव्हरनं सांगितलंय, घ्या खुशाल. तिला कळलं तर ती तुला न्हाई खायाची. सोताला खाईल. मीच सांगितलं घ्या म्हनून, आसं जलमभर म्हनत बसंल."

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

"काय करतीस?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "बोटं उगवून देतीस?" मग दम घेऊन म्हणाले, "मला तुजं त्वांड बगायचं न्हाई, गव्हर. पर गोजरला तुजा लळा हाय. ती बोलावंल तवा यायचं. काय देईल त्ये घ्यायचं. कसंनुसं त्वांड करून तिला संशय आणायचा न्हाई. एवढं कर."

मी हो म्हटलं. त्यांनी दोराचं टोक परत दातांत धरलं.

ता. १७ जानेवारी

रंगनाथदादांचं गुऱ्हाळ लागलं. गोजरवैनींनी दुपारी बोलावणं पाठवलं, पहिली काकवी खायला ये म्हणून.

गेले. कढईभोवती माणसं होती. रंगनाथदादा चुलवणापाशी होते. मला बघून उठले आणि उसाच्या मोळ्यांकडे निघून गेले. वैनींनी वाटी भरून दिली, वर शेंगदाणे घातले, आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "ही आमची गव्हर. लई मायाळू बग. ह्येंचा हात गेला तवापास्नं हिच्या अंगावर मांस म्हनून न्हाई."

काकवी गरम होती. मी सगळी खाल्ली. वाटी परत केली तेव्हा वैनींनी ती पुन्हा भरली.